कोड असताना थांबवून ठेवलेलं जगणं परत सुरू कसं करायचं: कामाचा क्रम

पांढऱ्या डागांसाठी लोक जे करतात त्यातलं बरंचसं बरोबर असतं, पण क्रम चुकतो. आधी औषध, मग डाग जाण्याची वाट, आणि डाग गेल्यावर नोकरीचा अर्ज, लग्नाचं बघणं, पोहण्याचा क्लास, अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज. डागाला दोन वर्षं लागतात, कधी पाच, आणि काही जागचा डाग कधीच जात नाही. तेवढी वर्षं माणूस कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून काढतो.

माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर सतराव्या वर्षी कोड आलं, पुढे ओठांच्या कडेला. आज नव्याने कोड आलेल्या मुलामुलींशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलताना तीच गाठ पुन्हा पुन्हा दिसते: उपचार आणि जगणं एकाच दोरीला बांधलेलं. पुढचे टप्पे ती गाठ सोडवण्यासाठी आहेत. क्रम मोडू नका. विशेषतः पहिला टप्पा गाळून एकदम सहाव्यावर उडी मारू नका.

सुरुवातीची तयारी

एक वही घ्या, मोबाइल नको. मोबाइलवर लिहायला बसलं की दहा मिनिटांत आपण ‘कोड घालवण्याचे उपाय’ बघत बसतो. घरातला किंवा बाहेरचा एक माणूस ठरवा, ज्याच्यासमोर रडता येईल आणि जो लगेच उपाय सांगायला लागणार नाही. आईच असली पाहिजे असं नाही, बऱ्याचदा आई स्वतःच फार घाबरलेली असते. आठवड्यातली एक वेळ पक्की करा, रविवारी सकाळी अर्धा तास पुरतो. एकूण बारा आठवडे धरा.

१. निदान पक्कं करा आणि औषधाचा हिशोब वेगळा ठेवा

प्रत्येक पांढरा चट्टा कोड नसतो. शिबं असतात, लहान मुलांच्या गालावर कोरडे फिकट चट्टे येतात, जळल्याची खूण असते. महारोगाचा चट्टा सहसा दुधासारखा पांढरा नसतो आणि तिथे स्पर्श कमी जाणवतो. कोडाच्या डागात संवेदना शाबूत असते. त्वचारोगतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प नावाचा अतिनील प्रकाशाचा दिवा धरून बघतात, त्याखाली कोडाचा डाग निळसर-पांढरा उजळतो. ही तपासणी दुखत नाही, काही मिनिटांत होते.

कोडात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते. म्हणून ते स्पर्शाने पसरत नाही, एका ताटात जेवून होत नाही, मागच्या जन्मीचं पाप तर नाहीच नाही. याच कारणाने कोड असलेल्यांना थायरॉइडचा त्रास जास्त आढळतो, तेव्हा टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करावी का हे डॉक्टरांना विचारा. सतत थकवा आणि उदासी असेल तर हे आधी बघणं फार महत्त्वाचं आहे. थायरॉइड बिघडलेला असताना मनाचे व्यायाम करत बसलात तर दोष स्वतःच्या स्वभावाला द्याल.

डॉक्टरांकडे जाताना वहीत हे चार प्रश्न लिहून न्या: कोड एका बाजूचं आहे की दोन्ही बाजूंचं? वाढतंय की थांबलंय? माझ्या कोणत्या जागी रंग परतण्याची आशा जास्त आणि कुठे कमी? किती महिने थांबून औषध बदलायचं? चेहरा आणि मान तुलनेने लवकर प्रतिसाद देतात. बोटांची टोकं, पावलं आणि ओठ हट्टी असतात. डागावरचे केसही पांढरे झाले असतील तर रंग परतणं अवघड, कारण नव्या रंगपेशी केसांच्या मुळाशी असलेल्या साठ्यातून वर येतात. नॅरोबँड यूव्हीबी म्हणजे प्रकाशाचे उपचार आठवड्यातून दोन-तीनदा आणि कित्येक महिने घ्यावे लागतात. दीड महिन्यात ‘गुण नाही’ म्हणून सोडणारे लोक मी फार बघितले.

*सावध:* बावचीचं तेल स्वतःच्या मनाने लावून उन्हात बसू नका. बावचीत उन्हाने चेतणारं रसायन असतं. मी एका मे महिन्यात गच्चीवर वीस मिनिटं बसले होते. संध्याकाळी बोटांची पेरं लाल झाली, सकाळी प्रत्येक पेरावर द्राक्षाएवढा पाण्याचा फोड. कणीक मळणं सोडा, नळ सुद्धा फिरवता येईना. फोड बसले आणि जुन्या डागाला लागून नवा डाग उठला, कारण कोड वाढत असताना जिथे त्वचेला इजा होते तिथे नवा डाग येऊ शकतो.

याच कारणाने परकराची नाडी घट्ट बांधू नका, रात्री सैल करा. चिकटवायच्या टिकलीच्या गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असू शकतं, त्याने कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा ठिपका पडतो. रबरी चपलांच्या पट्ट्याखालीही असं होतं. कुंकू किंवा टिकली, जे काही लावाल त्या जागेवर लक्ष ठेवा. खाज सुटली किंवा रंग फिका वाटला तर लगेच बंद करा.

दूध-मासे एकत्र खाल्ल्याने कोड होतं, आंबट खाल्ल्याने वाढतं, या समजुतींपायी मुलांचं लोणचं, ताक, लिंबू सगळं तोडलेलं बघते तेव्हा वाईट वाटतं. याला आधार नाही. जेवणाच्या पानात रोज शिक्षा वाढू नका.

*तपासा:* वहीत औषधाचं पान आणि जगण्याचं पान वेगळं झालं का? फोटो महिन्यातून एकदाच, त्याच खिडकीत, त्याच वेळी, आणि तो फक्त औषधाच्या पानासाठी.

२. नुकसान मोजा

डाग किती टक्के अंगावर आहे हे डॉक्टर मोजतात. त्याने तुमचं किती आयुष्य खाल्लं हे वेगळं मोजावं लागतं. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ डीएलक्यूआय नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, ती १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये तयार झाली. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे किती संकोच वाटला, खरेदीत, कपडे निवडण्यात, खेळात, कामात किंवा अभ्यासात, जवळच्या माणसांशी वागण्यात काय अडलं, असे प्रश्न. एकूण गुण ० ते ३०. १० च्या वर गेलं तर जगण्यावरचा परिणाम मोठा समजतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ती भरून घ्यायला सांगा. हे मागायला लाजू नका.

पोटावर मोठा पट्टा असलेल्या माणसाचे गुण २ येतात आणि एका बोटाच्या टोकावर डाग असलेल्या मुलीचे १८, असं होऊ शकतं. म्हणून ‘एवढासा तर डाग आहे, त्यात काय’ हे वाक्य घरात बोलू नका. डाग एवढासा असेल, पण ती मुलगी दोन महिने वर्गात हात वर करत नसेल.

३. ‘डाग गेल्यावर’ची यादी

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायचा टप्पा हाच. वहीचं पान उभं दुमडा. डाव्या बाजूला ‘डाग गेल्यावर करीन’ म्हणून बाजूला ठेवलेली प्रत्येक गोष्ट लिहा. खूप छोट्या गोष्टीही लिहा: मंडईत पैसे हातात घेणं, लोकलमध्ये वरची कडी धरणं, हळदीकुंकवाला जाणं, मेंदी काढून घेणं, वर्गात फळ्यावर लिहिणं, ग्रुप फोटोत पुढे उभं राहणं, नवऱ्यासमोर दिवा चालू ठेवणं. शेवटचं लिहायला जड जातं, तरी लिहा. तिथेच बरंच काही साठलेलं असतं.

उजव्या बाजूला प्रत्येकापुढे लिहा: हे करायला त्वचेचा रंग खरोखर लागतो का? कडी धरायला लागत नाही. मेंदीला लागत नाही, पण काळ्या मेंदीतल्या केसांच्या डायच्या रसायनाने त्वचा खराब होऊ शकते, तेव्हा ती टाळा. उजवी बाजू भरत गेली की लक्षात येतं, डागाने थेट अडवलेलं असं जवळजवळ काहीच नाही. लोक काय म्हणतील याने मात्र पान भरलेलं असतं. लोकांच्या बोलण्याचा त्रास खरा आहे, तो मनाचा खेळ नाही. पण त्याला उत्तर आहे, ते पाचव्या टप्प्यात.

*नेहमीची चूक:* यादीत ‘आत्मविश्वास वाढवणे’ असं लिहिणं. ते पुसा. जे करताना दुसऱ्या माणसाला डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहा.

४. आरशाशी वागणं सुधारा

कोड आलेल्या माणसाचं आरशाशी दोनपैकी एका प्रकारे बिघडतं. एक तर बघणंच बंद, अंधारात अंघोळ, केस विंचरताना नजर भांगावर. नाहीतर दिवसातून वीस वेळा बघणं, बॅटरी लावून, नखाने कड चाचपून, काल होता त्यापेक्षा वाढला का. दोन्हींनी भीती वाढते. कडेला रोज बघत राहिलं की रोज वाढल्यासारखीच वाटते.

आरशासमोरची वेळ ठरवा: सकाळी आणि रात्री पाच-पाच मिनिटं, संपूर्ण चेहरा किंवा संपूर्ण हात दिसेल एवढ्या अंतरावरून. मग मोठ्याने वर्णन करा, एखाद्या चित्रकाराला फोनवर सांगावं तसं. ‘कपाळ रुंद आहे. भुवया दाट आहेत. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढा पांढरा भाग आहे. हनुवटीवर तीळ आहे.’ डागाला त्याच्या आकाराएवढीच वाक्यं द्या, एकच वाक्य असेल तर एकच. घाण, विचित्र, भयंकर हे शब्द तोंडात आले तर थांबा आणि तेच वाक्य रंग, आकार, जागा एवढ्यात पुन्हा सांगा.

‘मी सुंदर आहे’ असं शंभर वेळा म्हणायला सांगणारे पुष्कळ भेटतील. मन ज्यावर विश्वास ठेवत नाही ते म्हणत राहिलं की मन उलट वाद घालतं, आणि म्हणून झाल्यावर जास्तच वाईट वाटतं. खरं तेवढंच बोला. पहिला आठवडा रडू येतं, मला आलं होतं. दुसऱ्या आठवड्यात कंटाळा यायला लागला की समजा काम होतंय.

*तपासा:* ठरलेल्या वेळेबाहेर दिवसातून किती वेळा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा उघडला, त्याच्या वहीत रेघा मारा. आकडा घटला नाही तर पुढे जाऊ नका, हाच टप्पा आणखी एक आठवडा चालवा.

५. उत्तर पाठ करा

लोक विचारणारच. ऐन वेळी सुचत नाही आणि मग घरी येऊन रात्रभर मनात उत्तरं दिली जातात. म्हणून आधीच तयार ठेवा, लहान, खरं, आणि पुढचं बोलणं दुसरीकडे नेणारं.

अनोळखी माणसाला: ‘कोड आहे. लागत नाही. सुटे द्या ना.’

लग्नघरात भेटलेल्या मावशीला, जिला एक वैद्य माहीत आहे: ‘मावशी, माझे उपचार चालू आहेत, डॉक्टर चांगले आहेत. तुमच्या गुडघ्यांचं काय झालं?’ इथे उपायाची चर्चा सुरू होऊ दिली की अर्धा तास गेला.

लहान मुलाने विचारलं तर: ‘माझ्या कातडीतला रंग इथे संपलाय. दुखत नाही. हात लावून बघ.’ मुलं हात लावतात आणि खेळायला पळतात. त्यांच्या आया त्यांना दामटून मागे ओढतात, तेव्हा आईकडे बघून हसून हेच वाक्य पुन्हा म्हणा.

ऑफिसात: मुलाखतीत स्वतःहून सांगायची गरज नाही. सहकारी टक लावत असेल तर एकदा स्वच्छ सांगून टाका.

ही उत्तरं त्या ठरवलेल्या माणसासमोर मोठ्याने म्हणून बघा, दहा-दहा वेळा. आवाज खाली पडतो तिथे थांबा. माझा आवाज ‘कोड’ या शब्दावरच बुडायचा. तो शब्द तेव्हा आमच्या घरात कुणी उच्चारत नसे, ‘ते’ म्हणत. शब्द मोकळा झाला की निम्मं काम झालं.

६. पायऱ्या लावून बाहेर पडा

तिसऱ्या टप्प्यातली यादी घ्या आणि प्रत्येक गोष्टीला भीतीचे ० ते १० गुण द्या. ३ गुणांच्या गोष्टीपासून सुरुवात. तीच गोष्ट आठवड्यात तीन-चारदा करायची, आणि भीती उतरेपर्यंत तिथे थांबायचं. छाती धडधडायला लागल्याबरोबर परत फिरलात तर मन शिकतं की पळालो म्हणून वाचलो.

माझी पहिली पायरी भाजीवाल्याकडची होती. वर्षानुवर्षं मी डावा हात पुढे करायचे, किंवा पिशवीच पुढे धरून ‘यात टाका’ म्हणायचे. ठरवून एका मंगळवारी उजवा हात पुढे केला. त्याने सुट्टे पैसे ठेवायला हात आणला, बोटं दिसली, क्षणभर थबकला आणि नाणी मेथीच्या जुडीवर ठेवली. मी ती उचलली, तिथेच उभी राहिले, कोथिंबिरीचा भाव विचारला, घेतली, पुन्हा उजवा हात पुढे केला. पुन्हा नाणी जुडीवर. घरी आले तेव्हा ब्लाउज घामाने ओला होता. गुरुवारी पुन्हा गेले, शनिवारी पुन्हा गेले. पुढच्या आठवड्यात कधीतरी त्याने बोलता बोलता नाणी तळहातावर ठेवली. त्याला कळलंही नसेल. मी मात्र जिना चढताना मूठ उघडून नाणी बघत होते. त्याने नाणी हातात ठेवलीच नसती, तरी पायरी पुरी झालेली होती, कारण मला करायचं होतं ते हात पुढे करणं.

*नेहमीची चूक:* पायरी चढताना गुपचूप आधार ठेवणं. हातात रुमाल, ओढणीचं टोक, खिशात हात, मे महिन्यात पूर्ण बाह्या. उन्हापासून डाग जपायला कपडा किंवा ३० एसपीएफचं सनस्क्रीन वापरलंच पाहिजे, डाग पटकन भाजतो. पण दुकानात, सावलीत तो रुमाल कशासाठी, हे स्वतःला खरं सांगा.

७. डाग झाकायचा मेकअप

वापरायला हरकत नाही. पण आधी सहावा टप्पा तीन आठवडे होऊ द्या, मगच वापरा. आधीच सुरू केला तर तो उतरण्याची भीती हीच नवी काळजी होते. आठवड्यात किमान दोन दिवस मेकअपशिवाय बाहेर जाण्याचे ठेवा.

८. लग्नाचं बोलणं

इथे सगळ्यात मोठ्या चुका होतात आणि त्या बहुधा घरचे प्रेमापोटी करतात. फोटो उजळून पाठवणं, बघायला येतील त्या दिवशी मेकअप, ‘नंतर सांगू, आधी पसंत तर पडू दे’. नंतर कधी सांगणार? साखरपुड्यानंतर कळलं की समोरच्याला डागापेक्षा लपवल्याचा राग जास्त येतो, आणि तो रास्त असतो.

क्रम असा ठेवा. बायोडेटाबरोबर साधा फोटो, त्यात डाग असेल तर दिसू दे. पहिल्या फोनवरच, भेट ठरण्याआधी, शक्य तर मुलाने किंवा मुलीने स्वतः सांगावं. आईने दबक्या आवाजात सांगितलं की समोरच्यांना काहीतरी भयंकर असल्यासारखं वाटतं. काय सांगायचं: केव्हापासून आहे, वाढतंय की थांबलंय, लागत नाही, उपचार कोणते. मुलांना होईल का हा प्रश्न येणारच. अनुवंशाचा थोडा वाटा असतो, पण कोड असलेल्यांच्या बहुतेक मुलांना कोड होत नाही, असं सरळ सांगा. बहिणीच्या लग्नात ही गोष्ट लपवून मोठ्या बहिणीला खोलीत बसवण्याचा प्रकार अजून होतो. तो ताबडतोब बंद करा, त्याने दोघींचं नुकसान होतं.

नकार येतील. वहीत त्यांचा आकडा लिहू नका. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांसाठी काम करते आणि वधू-वर मेळावेही घेते. पण तिथे लग्न जमवण्यासाठीच जावं असं नाही. एका खोलीत सगळ्यांच्याच हातावर डाग असतात, तेव्हा आपला हात आपोआप टेबलावर येतो. हे एकदा अनुभवायलाच हवं.

९. मूल लहान असेल तर

टप्पे तेच, पण पहिले तीन आई-बाबांनी स्वतःसाठी करायचे. मूल डाग बघत नाही, डाग बघणारा तुमचा चेहरा बघतं. मलम लावताना ‘वाढलं का गं?’ असं एकमेकांना विचारू नका. वर्गशिक्षिकेला भेटून सांगा की हे लागत नाही, बाक वेगळा करू नये, आणि कुणी चिडवलं तर मुलाला वर्गासमोर उभं करून समजावण्याऐवजी चिडवणाऱ्याला बाजूला घेऊन बोलावं.

१०. बारा आठवड्यांनी बघा

डीएलक्यूआय पुन्हा भरा. यादीतल्या किती गोष्टी सुरू झाल्या त्यावर खुणा करा. डागाचा फोटो त्या दिवशी बघू नका, तो औषधाच्या पानाचा विषय. गुण उतरले असतील तर भीतीच्या ५-६ गुणांच्या पायऱ्या घ्या. उतरले नसतील तर क्रम कुठे मोडला ते शोधा. बहुतेक वेळा चौथा टप्पा अर्धवट राहिलेला असतो.

काही वेळा मात्र वही पुरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक गेली असेल, कशातच रस उरला नसेल, डागाच्या विचारात रोजचे तास जात असतील, शाळा-नोकरी सुटली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला भेटा, आणि त्वचेचे उपचार त्याबरोबरच चालू ठेवा. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जगू नये असं वाटत असेल तर आठवडा, रविवार, टप्पा कशाचीही वाट बघू नका, आत्ता फोन करा, आणि त्या ठरवलेल्या माणसाला शेजारी बसवून करा.